अडीचशे वॉटचा आवाज

मेम्फिस शहरातल्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये नॅट डी. विल्यम्स इतिहास शिकवायचे. २५ ऑक्टोबर १९४८ च्या सोमवारी शाळा आटोपून ते युनियन ॲव्हेन्यूवरच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनात गेले आणि दुपारी चार वाजता माइकसमोर बसले. कार्यक्रमाचं नाव ‘टॅन टाउन जॅम्बोरी’. बोलायचा इशारा झाला आणि मास्तर मनात घोळवून आणलेलं पहिलं वाक्यच विसरले. त्यांना हसू फुटलं, तेही चांगलं खदखदून. पुढची अनेक वर्षं मेम्फिसच्या घराघरांत हेच हसू त्यांची ओळख होऊन राहिलं. त्या दुपारी मात्र ते ऐकून शहरातल्या काही लोकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्टेशनात विरोधाचे फोन आले, बॉम्बची धमकी आली. कारण एकच होतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात एक काळा माणूस रेडिओवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बोलीत, आपल्या लोकांशी उघडपणे बोलत होता.

काळ्यांचे आवाज रेडिओला अगदीच नवे होते असं नाही. शिकागोत जॅक कूपर १९२९ पासून कार्यक्रम करत होते. मिसिसिपी नदीकाठच्या हेलेना गावात केएफएफए या छोट्या स्टेशनावर १९४१ पासून ‘किंग बिस्किट टाइम’ चालू होता. पिठाच्या जाहिरातीसाठी सनी बॉय विल्यमसन दुपारच्या जेवणाच्या वेळी माउथ ऑर्गन वाजवायचा आणि कापसाच्या शेतांवरची माणसं ते ऐकायला थांबायची. पण वाजवणारे काळे आणि निवेदन गोऱ्यांचं अशीच तिथली विभागणी होती. आणि देशभर गाजलेल्या ‘एमॉस अँड अँडी’ मालिकेतली काळी पात्रं तर दोन गोरे नट आवाज बदलून करायचे. त्या नकलेवर देश हसला. नॅट डी. हसले ते त्यांचं स्वतःचं हसू होतं.

त्या स्टेशनाचं नाव डब्ल्यूडीआयए. त्याचा इतिहास मराठीत यावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. काळ्या अमेरिकेशी आपली ओळख झाली ती कवितेतून, आत्मचरित्रांतून आणि १९७२ मध्ये दलित पँथरने घेतलेल्या नावातून. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य आपल्यापर्यंत आणलं. पण ज्या यंत्रातून तो समाज रोज सकाळी साडेसहाला एकमेकांना भेटत होता, ते यंत्र आपल्या वाचनात कधी फारसं आलं नाही. माझ्या मते काळ्या अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात चर्च आणि शाळेच्या बरोबरीने रेडिओचं नाव घ्यायला हवं.

स्टेशन सुरू झालं ७ जून १९४७ रोजी. मालक दोघं, बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर, दोघेही गोरे. फर्ग्युसन रेडिओच्या धंद्यात मुरलेला, पेपरकडे पैसा. शहरात आधीच पाच स्टेशनं होती, हे सहावं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारने लहान स्टेशनांसाठी परवाने सढळ हाताने दिले आणि पाचेक वर्षांत देशातल्या मध्यम लहरींवरच्या, म्हणजे एएम, स्टेशनांची संख्या दुपटीहून अधिक झाली. गावातल्या दोघा-तिघांनी भांडवल जमवावं, एखादा मनोरा उभारावा आणि स्टेशन काढावं, हे तिथे शक्य होतं. आपल्या वाचकाला ही गोष्ट जरा परकी वाटेल. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती खरी, पण तीन वर्षांत ती बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. स्वतंत्र भारतात मध्यम लहर म्हणजे आकाशवाणी. खाजगी स्टेशनं आली ती २००१ मध्ये, एफएमवर.

डब्ल्यूडीआयएचा परवाना होता ७३० किलोहर्ट्झवर, २५० वॉटचा, आणि फक्त दिवसाचा. यामागे निसर्गाचाच एक नियम आहे. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून जातात, वर गेलेल्या वातावरणाच्या उंच थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो शोषणारा थर विरतो, त्याच्या वरचा थर लहरींना परत खाली पाठवतो आणि शेकडो मैलांवरचं स्टेशन कानाशी येऊन बोलू लागतं. रात्री सांगलीत लांबची केंद्रं लागायची ती याचमुळे. एकाच लहरीवरची दोन स्टेशनं रात्री एकमेकांवर आदळू नयेत म्हणून छोट्यांना सूर्योदयाला सुरू व्हायचं आणि सूर्यास्ताला बंद व्हायचं बंधन असे. थंडीत तर दिवस आणखी तोकडा. अशा स्टेशनाने जगायचं कसं? पहिल्या वर्षी फर्ग्युसन आणि पेपर यांनी शहरातली बाकीची स्टेशनं लावत होती तेच लावलं, कंट्री गाणी आणि हलकंफुलकं संगीत. जाहिराती मिळेनात. स्टेशन बुडायला लागलं.

फर्ग्युसनच्या डोक्यात आलेली कल्पना धंद्याची होती, समाजसुधारणेची नव्हती. त्याने ती तशीच सांगितली, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. मेम्फिसची चाळीस टक्क्यांच्या आसपास वस्ती काळी होती. भोवतालच्या कापसाच्या पट्ट्यात तर काळेच बहुसंख्य. ही माणसं कॉफी पीत होती, पीठ विकत घेत होती, औषधं घेत होती, आणि त्यांच्याशी बोलणारं एकही स्टेशन शहरात नव्हतं. नॅट डी. बील स्ट्रीटवरच्या पॅलेस थिएटरात हौशी कलाकारांची रात्र रंगवायचे, काळ्या वर्तमानपत्रांत स्तंभ लिहायचे. शहरातल्या प्रत्येक काळ्या घरात त्यांचं नाव ठाऊक होतं, कारण निम्म्या घरांतल्या कुणाला तरी त्यांनी शिकवलं होतं. फर्ग्युसनने त्यांना बोलावलं.

ते शहर कसं होतं, हे कळल्याशिवाय या बोलावण्याचं मोल कळत नाही. एड क्रम्प नावाच्या राजकारण्याची मेम्फिसवर घट्ट पकड होती. शहराच्या चित्रपट-निरीक्षण मंडळावर लॉइड बिनफर्ड नावाचा गृहस्थ १९२८ पासून बसलेला. गोरी आणि काळी मुलं एका वर्गात बसलेली दाखवली म्हणून त्याने ‘कर्ली’ नावाच्या मुलांच्या चित्रपटावर बंदी घातली, आणि तीही १९४७ मध्येच, डब्ल्यूडीआयए सुरू झालं त्याच वर्षी. प्राणिसंग्रहालयात काळ्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. दक्षिणेतली गोरी वर्तमानपत्रं काळ्या बाईच्या नावामागे ‘मिसेस’ लावत नसत. अशा गावात चार वाजताचा तो कार्यक्रम लोकांनी उचलून धरला. नॅट डी. आता सकाळी साडेसहाला ‘कॉफी क्लब’ करायचे, मग शाळा, मग पुन्हा चारला स्टेशन. बघता बघता सगळा दिवसच काळ्या श्रोत्यांसाठी झाला. अमेरिकेतलं हे पहिलं स्टेशन, ज्याचे सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी आणि सगळे निवेदक काळे. बुडत चाललेलं स्टेशन शहरात दुसऱ्या आणि मग पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९४९ मध्ये विला मन्रो आल्या. त्यांचा ‘टॅन टाउन होममेकर’ हा सकाळचा कार्यक्रम बायकांसाठी होता: पाककृती, घरखर्च, आणि काळ्या समाजातल्या लग्नांच्या, मंडळांच्या, सत्कारांच्या बातम्या. मला या कार्यक्रमाचं महत्त्व संगीताइतकंच वाटतं. ज्या बाईच्या घरचं लग्न गावच्या वर्तमानपत्राला दिसतच नव्हतं, तिचं नाव आता मानाने, ‘मिसेस’सकट, शहरभर ऐकू येत होतं. मॉरिस ‘हॉट रॉड’ हल्बर्ट यमक जुळवत बोलायचा. ए. सी. विल्यम्स जीवशास्त्राचे शिक्षक. त्यांनी शाळकरी मुलांचा ‘टीन टाउन सिंगर्स’ हा वृंद उभा केला. कार्ला थॉमस आणि आयझॅक हेज त्यातूनच पुढे आले. कार्लाचे वडील रुफस थॉमस हे नॅट डीं.चे विद्यार्थी. ते दिवसा कापडगिरणीत बॉयलरवर राबायचे आणि नंतर स्टेशनात येऊन कार्यक्रम करायचे. नाव झाल्यावरही त्यांनी गिरणीतली नोकरी बरीच वर्षं सोडली नाही. मार्था जीन स्टाइनबर्ग यांना श्रोते ‘क्वीन’ म्हणायचे. पहाटे भक्तिगीतं लावणारे थिओ वेड ‘ब्लेस माय बोन्स’ या पालुपदाने ओळखले जायचे.

आणि नॅट डीं.चाच ‘ब्राउन अमेरिका स्पीक्स’. हा चर्चेचा कार्यक्रम होता. शिक्षण, पोलीस, मताधिकार या विषयांवर काळी माणसं माइकवर वाद घालत होती, तेही १९४९ साली मेम्फिसमध्ये. नॅट डी. सावध बोलायचे, हे खरं. त्यांची सरकारी शाळेतली नोकरी होती, शहर क्रम्पचं होतं. पुढच्या पिढीतल्या काहींना तो सावधपणा खुपला. मला तो समजतो. वर्गात तीस मुलांपुढे इतिहास मांडणारा माणूस एका संध्याकाळी हजारो घरांपुढे तो मांडू लागतो, तेव्हा उद्या माइक हिरावला जाऊ नये याची काळजी घेणं हेही धाडसाचंच काम असतं.

बी. बी. किंगची हकीकत पुष्कळांना माहीत असेल, तरी इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा रायली किंग १९४८ च्या अखेरीस मेम्फिसला आला. नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमध्ये सनी बॉयने त्याला आपल्या रेडिओ कार्यक्रमात गाऊ दिलं, आणि तिथल्या एका खानावळीत त्याला रात्री बारा डॉलरवर गायचं काम मिळालं. अट एकच, रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम हवा, म्हणजे गिऱ्हाईक येईल. गिटार घेऊन तो डब्ल्यूडीआयएत आला. तिथे ‘पेप-टी-कॉन’ नावाच्या टॉनिकच्या जाहिरातीसाठी गाणारा हवा होता. रायलीने तिथल्या तिथे चार ओळी रचून गाऊन दाखवल्या आणि त्याला रोजची दहा मिनिटं मिळाली. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे त्याचं रेडिओवरचं नाव. ते आकसत ‘बी. बी.’ झालं. पुढे तो ‘सेपिया स्विंग क्लब’ चालवू लागला. स्टेशनातल्या तबकड्या ऐकून ऐकून त्याचा कान तयार झाला, आणि १९४९ मध्ये त्याची पहिली तबकडी डब्ल्यूडीआयएच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. १९५२ मध्ये ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ देशाच्या काळ्या संगीताच्या यादीत पहिलं आलं आणि स्टेशनाने आपला निवेदक दौऱ्यांच्या स्वाधीन केला. जॉनी एसचं ‘माय साँग’ही त्याच स्टुडिओतलं, त्याच वर्षीचं. अडीचशे वॉटच्या स्टेशनातल्या त्या खोलीचा रेडिओच्या बरोबरीने संगीताच्या इतिहासावरही हक्क आहे.

पण काचेच्या पलीकडे कोण बसत होतं? यंत्रं चालवणारे सगळे गोरे होते. तबकडी लावायची, बटणं फिरवायची, वेळ सांभाळायची ती गोऱ्या तंत्रज्ञाने. काळा निवेदक फक्त बोलायचा आणि हाताने खूण करायचा. व्यवस्थापक गोरे, कार्यक्रमप्रमुख गोरा. त्या काळी तिथे यंत्रावर बसणारा एक तरुण, लुई कँटर, पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला. त्याने १९९२ मध्ये ‘व्हीलिन ऑन बील’ हे या स्टेशनाचं चरित्र लिहिलं. आतला माणूस असल्याने त्याने दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत: आत सगळे एकमेकांशी बरोबरीने वागत होते, त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे दुर्मीळच, आणि तरी दोरी कुणाच्या हातात होती, हेही लपलेलं नव्हतं.

इथे मला ‘मूकनायक’ आठवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी तो सुरू केला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसा राजाचा, शब्द बाबासाहेबांचे. महाराजांनी त्या शब्दांवर हात ठेवला नाही, म्हणून तो ‘मूकनायक’ झाला. फर्ग्युसनची प्रेरणा शाहूंची नव्हती, तो व्यापारी होता, आणि दोन समाजांची दुःखंही एकाच मापाने मोजता येत नाहीत. पण आवाज आणि मालकी यांच्यातलं ते जुनं कोडं दोन्हीकडे तेच आहे. नॅट डीं.ना काय बोलायचं हे लिहून दिलं जात नव्हतं. त्या एका मोकळीकीवर पुढचं सगळं उभं राहिलं.

जून १९५४ मध्ये स्टेशन १०७० किलोहर्ट्झवर गेलं, आणि २५० वॉटचे ५०,००० झाले. रात्रीचीही परवानगी मिळाली, बऱ्याच कमी शक्तीने. आता मिसुरीच्या दक्षिण टोकापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आवाज जाऊ लागला. देशातल्या काळ्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा या एका मनोऱ्याच्या टापूत आला. मळ्यावरच्या एकट्या झोपडीत, जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हतं आणि पोहोचलं तरी वाचता येत नव्हतं, तिथे नॅट डी. पोहोचले.

त्याच काळात ‘गुडविल’ हा शब्द स्टेशनाला चिकटला. रोज ‘गुडविल घोषणा’ व्हायच्या. कुणाची म्हातारी आई बसस्टॉपवरून भरकटली, कुणाचं पाकीट हरवलं, कुणाची कवळी सापडली, कुणाच्या घराला आग लागली आणि पोरांना कपडे हवेत, अमक्या चर्चमध्ये रविवारी जेवण आहे. पोलिसांकडे जायला ज्यांना भीती वाटे ती माणसं स्टेशनाला फोन करायची. दरवर्षी ‘गुडविल रिव्ह्यू’ आणि ‘स्टारलाइट रिव्ह्यू’ हे संगीताचे मोठे जलसे व्हायचे, त्यांचा पैसा गुडविल फंडात जायचा. अपंग काळ्या मुलांना शाळेत न्यायला शहराकडे सोय नव्हती. फंडाने बस घेतली. काळ्या मुलांसाठी बेसबॉलचे संघ बांधले. ७ डिसेंबर १९५६ च्या जलशाला एल्विस प्रेस्ली पडद्यामागे उभा होता. रुफस थॉमसने त्याला शेवटी मंचावर आणलं आणि सभागृह किंचाळून उठलं. काळ्या मुली एका गोऱ्या गायकासाठी का किंचाळल्या, यावर नॅट डीं.नी नंतर स्तंभही लिहिला. मला मात्र त्या रात्रीच्या हकिकतीपेक्षा ती बस जास्त मोलाची वाटते.

१९५७ मध्ये फर्ग्युसन आणि पेपर यांनी स्टेशन बाहेरच्या कंपनीला, सोंडरलिंगला, विकलं. गावातल्या माणसांची मालकी दहा वर्षं टिकली. फर्ग्युसन व्यवस्थापक म्हणून राहिला, निवेदक राहिले, श्रोत्यांना फरक जाणवला नाही. पण विक्रीच्या व्यवहारात त्या श्रोत्यांना आणि त्या आवाजांना काही म्हणायचा हक्कही नव्हता, हे विसरता येत नाही.

मालकी काळी असती तर? त्याचंही उत्तर तेव्हाच तयार होत होतं, पूर्वेला अटलांटात. जेसी ब्लेटन हे हिशेबतपासनीस आणि अटलांटा विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी १९४९ मध्ये ५०,००० डॉलरना डब्ल्यूईआरडी हे मध्यम लहरींवरचं छोटं स्टेशन विकत घेतलं, काळ्या माणसाच्या मालकीचं अमेरिकेतलं पहिलं स्टेशन. ते ऑबर्न ॲव्हेन्यूवर फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या इमारतीत होतं. त्याच इमारतीत, स्टेशनाच्या खाली, पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेची कचेरी आली. तिथे सांगतात की किंगना बोलायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे आणि वरून खिडकीतून माइक खाली सोडला जायचा. परवानगी कुणाची घ्यायची नव्हती, कारण मालकही आपलाच होता. मेम्फिसमध्ये नॅट डीं.ना जे तोलूनमापून बोलावं लागे, ते अटलांटात थेट बोललं जात होतं. ब्लेटन यांनी १९६८ मध्ये तेही स्टेशन विकलं.

त्याच १९६८ मध्ये किंग मेम्फिसला आले. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार मेले होते. १२ तारखेपासून तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर फक्त ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेलं होतं. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांना गोळी घालण्यात आली. दंगलीच्या त्या दिवसांत लोक डब्ल्यूडीआयए लावून बसले होते, आणि वीस वर्षांच्या ओळखीचे आवाज त्यांना शांत राहायला सांगत होते. त्या क्षणी सरकारी घोषणेचा काही उपयोग झाला नसता.

व्यवस्थापकाच्या खुर्चीवर काळा माणूस बसायला १९७२ उजाडावं लागलं. त्याचं नाव चक स्क्रग्ज. तोवर पुष्कळ काही बदललं होतं: काळ्यांचं संगीत आता सगळीकडे वाजत होतं, एफएमचा स्वच्छ आवाज तरुणांना ओढून नेत होता, मध्यम लहरींवर खरखर होतीच. नॅट डी. आजारी पडून माइकपासून दूर झाले, १९८३ मध्ये गेले. १९९६ च्या कायद्याने देशभरात एका कंपनीने किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच काढून टाकली आणि एका कंपनीकडे तर हजाराहून अधिक स्टेशनं गोळा झाली. डब्ल्यूडीआयएही त्याच कंपनीत गेलं. १०७० वर ते अजून लागतं.

लॉरेन मोटेलला मात्र उतरती कळा लागली होती. मालक कर्जात बुडाला, इमारतीचा लिलाव निघाला. वकील डार्मी बेली यांच्याबरोबर चक स्क्रग्ज त्यात उतरले. डब्ल्यूडीआयएवरून श्रोत्यांना हाक गेली, आणि श्रोत्यांनी जमेल तसे पैसे पाठवले. डिसेंबर १९८२ च्या लिलावात १,४४,००० डॉलरला मोटेल ते वाचवण्यासाठी काढलेल्या प्रतिष्ठानच्या ताब्यात आलं. शेवटची तूट एका कर्जाने आणि कामगार संघटनेच्या मदतीने भरून निघाली. ही संघटना १९६८ च्या संपात सफाई कामगारांच्या पाठीशी उभी होती तीच. १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडलं. ज्यांना स्टेशनाच्या विक्रीत कुणी विचारलं नव्हतं, त्या श्रोत्यांनी ती इमारत विकत घेतली.